माझं गाऱ्हाणं आणि हर्षदचं बोट

जोगेश्वरी पूर्व,
संकष्टी (चंद्राला अजून वेळ आहे, पोटात काही नाही, म्हणून लिहायला बसले)

चि. लवू यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. घरात जेवढा शिल्लक होता तेवढा सगळा या पाकिटात घातला आहे, इथे हल्ली तो कुणी मागत नाही. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा खोकला कसा आहे (बिडी तुझी आणि खोकला तिचा, अशी वाटणी मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितली नाही)? म्हैस व्याली का? मागच्या दारचा फणस या वर्षी तरी धरला, की नुसताच पानांचा थाट? आमच्याकडे सगळं क्षेमकुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे वाचलंस की कळेल.

पाकीट बघून तू दचकला असशील. आपल्या घरी पत्र आलं की बायका आधी रडून घ्यायच्या आणि मग वाचणारा माणूस शोधायच्या. तसं काही नाही, सगळे जिवंत आहेत, एक पायाचं बोट सोडून. फोन केला असता, पण तू फोन घेतोस तो खळ्यात उभा राहून, कानापासून हातभर लांब धरून, त्यामुळे माझा शब्द न् शब्द आधी वाडीला कळतो आणि मग तुला. इकडे आमची ही नवी इमारत. चाळ पाडून बिल्डरने सातव्या मजल्यावर खोली दिली, भिंती अशा दिल्यात की शेजारी पापड भाजला तर आमच्याकडे भात वाढून घ्यावा. तुझा भाचा हर्षद आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडलेला असतो, त्याच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचं तर मला खाली गेटवर जावं लागतं, आणि लिफ्ट तर बिल्डरला हवी तेव्हा चालते, आम्हाला हवी तेव्हा नाही. जान्हवी (हर्षदची मुलगी, आता कॉलेजात आहे, तू बघितलीस तेव्हा नाक पुसत होती) म्हणते, आजी, आवाज भरून पाठव. तिला सांगितलं, माझा आवाज पुन्हा मशीनमध्ये जाणार नाही. एकदा गेला त्याचंच हे सगळं आहे. माझं शिक्षण चौथी, तीही अर्धी, तेव्हा काना-मात्रा कमी पडले तर पदरचे घाल. आमच्या मजल्यावरची चंपा गावी निघाली आहे, तिच्या हाती देते. ती वाटेत फोडून वाचील. वाचू दे, ती त्यात आहेच.

हर्षद शूटिंगच्या जनरेटरच्या गाडीवर आहे हे तुला माहीत आहे. मढला बंगले भाड्याने घेतात, तिथे रोज एखादं लग्न आणि एखादं मरण होतं (सिरियलमधलं), आणि दोन्हीला वीज आमचा हर्षद पुरवतो. काम म्हणजे गाडी चालू करायची आणि ती बंद पडत नाही ना, हे बघत बसायचं. बसलेला माणूस काय करणार, ओढणार. चालताना पोटरी भरून येते म्हणायचा, मी म्हणायचे वजन वाढलंय. मग डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट गार पडलं, मग जांभळं झालं. डॉक्टरने दाबून बघितलं आणि सांगितलं की सिगरेटने पायाच्या नसा आकसत चालल्या आहेत, याला औषध एकच, तंबाखू बंद. कमी नाही, बंद. नाहीतर बोट जाईल, आणि तरीही ओढली तर पाऊल. आमच्या शहाण्याने विचारलं, गणपती झाल्यावर सोडली तर चालेल का? डॉक्टर म्हणाला, मला काय विचारता, बोटाला विचारा. (डॉक्टर मला आवडला. आपल्यातलाच वाटला.)

आता सोडायची म्हणजे कशी? अंधेरीला एक दवाखाना आहे, तिथे सिगरेट सोडवून देतात. मी आणि सूनबाई अक्षता जाऊन आलो. आत थंडगार, काचेच्या पेटीत मासे, आणि एक गोरीशी बाई इतकं हळू बोलत होती की मला वाटलं कुणीतरी गेलंय. दंडाला लावायच्या चिकटपट्ट्या, चघळायचा गम, दर आठवड्याला समजूत काढणारा माणूस वेगळा. भाव ऐकल्यावर अक्षताने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि आम्ही माशांकडे बघत बघत बाहेर आलो. घरी सांगितलं तर जान्हवी म्हणाली, बाबांकडे फोन आहे, फोनमध्ये नेट आहे, मग बाहेर कशाला जाता? आणि तिने हर्षदच्या फोनमध्ये एक फुकटचं ॲप घातलं. त्याचं नाव इंग्रजी आहे, माझ्या तोंडात बसत नाही. कुठल्याशा डॉक्टर लोकांनी गरिबांसाठी केलंय म्हणे, मराठीतही बोलतं.

खोटं कशाला सांगू, चीज चांगली होती. उघडलं की दोन फुप्फुसं दिसायची, काळ्या वांग्यासारखी, आणि माणसाने ओढली नाही की ती हळूहळू उजळायची. तलफ आली की एक निळं वर्तुळ यायचं, ते फुगलं की श्वास आत, बसलं की बाहेर. हर्षद बाहेरच्या खोलीत बसून फुगायचा आणि बसायचा. सुरुवातीला आम्ही सगळीच त्याच्याभोवती बसून बघायचो, तर एकदा अक्षताही तव्यासमोर उभी राहून त्याच्याबरोबर फुगायला-बसायला लागली आणि भाकरीचा कोळसा झाला. पण माणूस मनावर घेत होता, लवू. हे मी आज लिहिते, तेव्हा त्याच्या तोंडावर एकदाही बोलले नाही.

मग जान्हवीने सांगितलं की यात आणखी दोन सोयी आहेत. एक म्हणजे जोडीदार. त्यालाही सोडायची असावी लागते. दोघांनी मिळून सोडायची, एकाला तलफ आली की बटण दाबायचं, दुसऱ्याला फोन जातो, आणि तलफ जाईपर्यंत दोघांनी काहीबाही बोलत बसायचं. दुसरी सोय म्हणजे घरच्या माणसाचा आवाज भरून ठेवायचा. ज्या वेळेला माणूस ओढतो त्या वेळा फोनला सांगून ठेवायच्या, की बरोबर त्या वेळेला फोन आपणहून तो आवाज वाजवतो. पोरीचं म्हणणं, बाबांना जोडीदार बघूया. मी म्हटलं, आई घरात बसलेली असताना जोडीदार कशाला? चोराला चोर जोडून दिल्यावर देवळाची राखण होते होय? आवाज भरूया, माझा. जान्हवी गप्प बसली. (या घरात माझ्यापुढे सगळे गप्प बसतात. पूर्वी मला त्याचं बरं वाटायचं.)

पोरीने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, आजी, गोड बोल, त्यांना धीर वाटेल असं. मी म्हटलं, मी गोड बोलले तर तो समजेल आपलं काही खरं नाही. मला एकच रीत माहीत आहे. कुणाकडून काही करवून घ्यायचं असेल तर गाऱ्हाणं घालायचं. आपल्या बाबांचा तो मान होता, आठवतं ना? देवळात बाबा देवापुढे एकेक वाक्य बोलायचे आणि गाव प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. मला सगळं तोंडपाठ होतं, पण बाईमाणसाला कोण घालू देतो? मी खांबाआडून ओठ हलवायची. तर लवू, जन्मात पहिलं गाऱ्हाणं घातलं ते या मशीनपुढे. पदर खोचला, हात जोडले आणि घातलं:

‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, माज्या झिलान तोंडात जी चूल पेटवल्यान हा, ती इजव रे म्हाराजा. त्येच्या मागची शिगरेटीची इडापिडा येशीभायर काढ रे म्हाराजा. आनी जो कोन त्येका इडी-शिगरेट हातात देत, त्येचा तोंड करपान जांव दे रे म्हाराजा.’

जान्हवी म्हणाली, आजी, हा तर शाप आहे. मी म्हटलं, शेवटचं तेवढंच आहे, बाकी प्रार्थना आहे. मधे मधे मी जागा सोडली होती, गावाने व्हय म्हणायला. सवयीने.

पुढचं ऐक. जनरेटरशेजारी काही ऐकू येत नाही म्हणून हर्षदच्या फोनचा आवाज कायम पूर्ण सोडलेला असतो. आणि आख्ख्या शूटिंगला वीज देणारा हा माणूस आपला फोन मात्र बंगल्याच्या आत, दुसऱ्याच्या प्लगात चार्जिंगला लावतो. त्या दिवशी मढला कुणा हिरोची आई मरत होती. चारचा चहा लांबला, कारण बाईंचं मरण नीट जमत नव्हतं. एकदाचं जमलं, सगळे चिडीचूप, हिरो आईचा हात धरून बसलेला, आणि चार वाजले. चारला हर्षद चहावर ओढतो हे फोनला सांगितलेलं होतं. फोन म्हणाला, ‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, माज्या झिलान तोंडात जी चूल पेटवल्यान हा’, आणि वर फळ्यांवर बसलेले लाइटवाले, ते निम्मे आपल्याच कणकवली-कुडाळकडचे, त्यांनी वरून एका आवाजात जबाब दिला, ‘व्हय म्हाराजा.’ मरत असलेली बाई उठून बसली. डायरेक्टर बंगाली की कोण होता, त्याला वाटलं युनियनने काहीतरी सुरू केलं. शापापर्यंत सगळं गाऱ्हाणं झालं, प्रत्येक वाक्याला वरून व्हय म्हाराजा, आणि आमचा हर्षद फोन शोधत वायरींवरून उड्या मारतोय.

हे त्याने स्वतः घरी येऊन हसत हसत सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो, त्यात सगळ्यात जास्त मी. मी सातही मजल्यांवर जाऊन सांगितलं. मला काय वाटत होतं तुला कळेल, माझ्या गाऱ्हाण्याला माणसांनी व्हय म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून सेटवर त्याचं नाव ‘म्हाराजा’ पडलं. चहाला उठला की कुणीतरी आरोळी द्यायचा, बाकीचे व्हय म्हणायचे. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, कुणाकुणाला थांबवणार? हे मला त्याने सांगितलं नाही. ते मला आमच्या गेटवरच्या टपरीवाल्या बाळाकडून कळलं, आणि कळलं तेव्हाही मी हसलेच.

बाळाची आणखीच गंमत. तो मूळचा देवगडचा, देवाला भिणारा. टपरीवर एकदा फोन वाजला आणि त्याने करपायची गोष्ट ऐकली. दुसऱ्या दिवशी हर्षदने सिगरेट मागितली तर बाळाने हात मागे घेतला. म्हणाला, हर्षदभाऊ, पुडी काय, वाटल्यास अख्खी टपरी घेऊन जा, पण माझ्या हातून नको, मला पोरंबाळं आहेत. ज्या दवाखान्याला चिकटपट्ट्यांनी जमलं नसतं ते माझ्या एका गाऱ्हाण्याने केलं, असं मी चारचौघींत बोलले. अक्षता एवढंच म्हणाली की आई, जोगेश्वरीत टपऱ्या पुष्कळ आहेत. मी म्हटलं, तुझ्या तोंडात कधी चांगलं येतं का? (तिच्या तोंडात फार कमी येतं, आणि जे येतं ते खरं निघतं. हा तिचा मोठा दोष आहे.)

आणि मग चमत्कार झाला. हर्षद संध्याकाळी देवीला जायला लागला. लेण्यातल्या आपल्या जोगेश्वरीला. कामावरून आला की हातपाय न धुता परस्पर तिकडे, घरी येताना कपाळाला कुंकू, शर्टाला उदबत्तीचा वास. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं वैराग्य आलं. जन्मात ज्याने आरतीला टाळी वाजवली नाही तो पोरगा रोज देवीपुढे बसतो. मी चंपाला म्हटलं, बघ, याला म्हणतात गाऱ्हाणं लागू पडणं. चंपा म्हणाली, मग देवीची ओटी भरायला पाहिजे. मलाही पटलं. घरात तो मोजे काढत नाही हे मी बघत होते, लवू. जेवायला बसतानासुद्धा मोजे. मी म्हटलं, शूटिंगवाल्यांची नवी फॅशन असेल.

खण, नारळ, तांदूळ घेऊन मी आणि चंपा गेलो. त्याला न सांगता, म्हटलं पोराला देवीसमोर ध्यान लावून बसलेला डोळ्यांनी बघू. आत तो नव्हता. पुजारीबुवांना विचारलं तर म्हणाले, ते होय, ते कुंकू लावतात, दोन उदबत्त्या घेतात आणि मागे जातात. मागे म्हणजे लेण्याच्या वरच्या अंगाला कातळ आहे तिथे. आम्ही दोघी धापा टाकत वर चढलो. हर्षद दगडावर बसला होता. उजव्या हातात फोन, त्यात ते निळं वर्तुळ. डाव्या हातात सिगरेट. वर्तुळ फुगलं की झुरका आत, बसलं की धूर बाहेर. एकही चुकवत नव्हता. बाजूला दोन उदबत्त्या खोचलेल्या, वासाला वास.

मी म्हटलं, ‘हे काय रे?’

तो म्हणाला, ‘आये, मशीन म्हणता सास घे, म्हणान घेतंय.’

चंपा फस्सकन हसली. मीसुद्धा हसणार होते, आणि एक जहरी वाक्य जिभेवर तयार होतं, मला ते अजून आठवतं, चांगलं होतं. तेवढ्यात चंपा हसायची थांबली. ती खाली बघत होती. त्याने एक बूट आणि मोजा काढून ठेवला होता, पायाला वारा लागावा म्हणून, आणि ते बोट जांभळं नव्हतं राहिलं, काळं झालं होतं, चुलीतल्या ढलपीसारखं. त्याने पाय झाकलाही नाही. ओटी तशीच पिशवीत घेऊन आम्ही तिघं खाली उतरलो. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. चंपा सगळ्यांना सांगते की जानकीबाय गप्प बसली होती, आणि कुणाचा विश्वास बसत नाही.

म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात बोट काढलं. डॉक्टर तोच. मला बघून म्हणाला, आजी, बोटाने उत्तर दिलं. मला पहिल्यांदा तो माणूस आवडला नाही, पण बरोबर बोलला. आता जखम भरत आली आहे. एक झुरका जरी घेतला तरी पुढचं पाऊल, असं लिहूनच दिलंय. जान्हवीने ते ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, वांगी पुन्हा काळी. माझा आवाज तिने मला न विचारता पुसून टाकला.  पुसून टाकायचाच होता.

एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलात ड्रेसिंग झाल्यावर हर्षद छताकडे बघत पडला होता, मी मोसंबं सोलत होते. मधेच म्हणाला, ‘आये, मामान इडी सोडल्यान काय गो?’ मी म्हटलं, ‘तो कित्याक सोडीत? त्येची बोटां सगळी जाग्यार आसत.’ तो म्हणाला, ‘तसा नाय गो. आपला इचारलंय.’ आणि मग बोलायला लागला. आमचे हे वारले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. गावी दिवसकार्य झालं आणि जो तो त्याला धरून सांगायला लागला की आता तूच घरचा कर्ता, आईला बघ, असं कर, तसं कर. मीही सांगत होते. तू काही सांगितलं नाहीस. तू त्याला सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळावर घेऊन गेलास, आपली बिडी अर्धी करून दिलीस आणि दिवस बुडेपर्यंत एक शब्द न बोलता त्याच्या शेजारी बसलास. म्हणाला, ‘तवापासून पेटवलंय की वाटता मामा बाजूक बसलो हा.’

माझ्या हातात मोसंबं होतं ते मी त्याला दिलं. दुसरं काय करणार? एवढी वर्षं मला वाटत होतं त्याला धूर लागतो. जान्हवी पहिल्या दिवशी जोडीदार म्हणत होती. मी चोरांची आणि देवळाची म्हण ऐकवली. म्हण चांगली होती, वेळ चुकली. असो. गेलेलं बोट परत येत नाही.

तुला हे सगळं नुसतं कळावं म्हणून लिहिलं. मला तुझ्याकडून काही नको. गुडघ्याला तेल लाव. बायकोला डॉक्टरला दाखव. म्हैस व्याली असेल तर खरवसाची आठवण काढ आणि माझ्या वाटचा तूच खा. चंद्र दिसला बहुतेक समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून, चंपा ओरडते आहे.

तुझी बाय,
जानकी

ता. क. चंपा परत येईल तेव्हा तिच्याकडे मशेरीचा डबा दे. तुझ्या बायकोच्या हातची, चांगली काळी भाजलेली. इथे मिळते ती नुसती राख. जान्हवी म्हणते, आजी, मशेरी म्हणजेही तंबाखूच, तुझंही नाव ॲपात घालते. मी तिला सांगितलं, माझ्या पायाची बोटं मोज आणि मग ये.

आणखी ता. क. मला काही नको असं वर लिहिलंय ते चंपासाठी. खरं असं आहे की जोडीदार म्हणून तुझं नाव घातलं आहे. तुझा नंबर जान्हवीकडे होताच, आणि फोटो तू पाठवलास त्यातला, म्हशीबरोबरचा, म्हैस कापून. तुझ्या फोनवर निरोप येईल, त्यात हिरव्या ठिकाणी बोट ठेव, मराठीत आहे, घाबरू नकोस. घरात रेंज येत नाही ही सबब सांगू नकोस, सड्यावर येते हे मला माहीत आहे. चारच्या सुमाराला वर जाऊन बसत जा, म्हैस नाहीतरी तिकडेच चरते. हर्षदचा फोन आला की घे. बोललं नाहीस तरी चालेल, तुला ते जमतं. बिड्यांची बंडलं चंपाच्या हाती दे, ती तुझ्यासमोर चुलीत घालील, तिला तसं सांगून ठेवलंय. पहिले आठवडे वाईट जातात म्हणतात, बायकोवर डाफरू नकोस, मला पत्र लिही आणि त्यात डाफर.

शेवटचं ता. क. तुला विचारून नाव घातलं नाही, हे हर्षदला ठाऊक नाही. मी त्याला सांगितलं की बोटाचं ऐकल्यावर मामाने आपणहून फोन केला आणि म्हणाला, पोराच्या जोडीला माझं नाव घाला. तो भिंतीकडे तोंड करून पडला, बराच वेळ, आणि मग अक्षताला म्हणाला, भूक लागली. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. तर त्याने विचारलं, ‘मामा, तुया आपणहून म्हटलंस मां?’ की नुसतं ‘व्हय’ म्हण. त्यापुढे एक शब्द बोलू नकोस. तुला लहानपणापासून खोटं नीट बोलता येत नाही, पुढचं मी बघते.